सोमवारबाई आणि कुलूपवाल्यांचं एकमत

सोमवारबाई नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या इमारतीत कुणालाच धड सांगता येत नाही. तळमजल्यावरच्या आजोबांची ठाम समजूत अशी, की त्या नवरा-बायकोची भांडणं मिटवतात. एकदा तर आजोबांनी आपल्या भाच्याला आणि भाचेसुनेला परस्पर रविवारची वेळच देऊन टाकली. दोघं फुगलेल्या तोंडांनी दारात उभी राहिली. आता आलेल्या माणसांना परत कसं पाठवणार? बाईंनी चहा टाकला आणि विचारलं, "तुमचं वाजलंय नेमकं कशावरून?" कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून वाजलंय, हे कळायला दहा मिनिटं लागली आणि कपाट ठरायला पाच. तेव्हापासून आजोबांची समजूत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली.

घरात तरी कुठे वेगळं होतं? सतरा वर्षांची लेक कॉलेजचा फॉर्म भरत बसली होती.

"आई, तुझा व्यवसाय काय लिहू?"

"सल्लागार लिही."

"पण तू सल्ला कुठे देतेस? तूच म्हणतेस की देत नाही."

"बरं मग लिही, संस्थांना गुंतागुंतीच्या प्रश्नांतून स्पष्ट निर्णयापर्यंत..."

"आई, तिथे एवढासा चौकोन आहे."

लेक 'गृहिणी' लिहून मोकळी झाली. त्यावर बाई दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलत होत्या.

खरं सांगायचं तर काम साधं होतं. एखादा कारखाना असतो, एखादं इस्पितळ, एखादी शाळा. माणसं हुशार असतात, पोटतिडकीने काम करणारी असतात. पण पुढे कुठल्या दिशेला जायचं, हा प्रश्न आला की त्याचं असं काही भेंडोळं होतं की टोक सापडत नाही. मीटिंगवर मीटिंग होते. जाडजूड अहवाल येतात. सगळे थकतात, एकमेकांना टाळायला लागतात, आणि मग कुणी तरी बाईंचा नंबर देतं. बाई दोन दिवस येतात, भरपूर प्रश्न विचारतात, आणि जाताना भिंतीवर एक कागद सोडून जातात. त्यावर तीन रकाने: काय, कोण, केव्हा. बस.

हे त्या कुठल्या मोठ्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. चोविसाव्या वर्षी त्या मालवाहतुकीच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटल्या. सकाळी सातला चौदा ट्रक निघायचे. कुठला ट्रक कुठे जाणार आणि कोण नेणार, हे सातच्या आत ठरलंच पाहिजे. 'बघू', 'विचार करू', 'साहेब आले की बोलू' असल्या भाषेवर ट्रक चालत नाही. बाईंनी तिथे पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकून घेतली. कामाच्या तक्त्यावर त्यांनी ड्रायव्हरचं नाव लिहिलं, की सकाळी तो म्हणायचा, "मी कुठे हो म्हटलं होतं?" त्यानेच स्वतःच्या हाताने नाव लिहिलं, की मुकाट्याने चावी उचलायचा. दुसऱ्याने घातलेलं नाव म्हणजे नाव नव्हे, नुसती शंका.

त्या कचेरीचे मालक दोन भागीदार. नवे ट्रक घ्यायचे की नवं गोदाम बांधायचं, यावर दोघं दोन वर्षं एकमेकांना पटवत होते. आवाज चढायचे, चहा यायचा, आवाज उतरायचे. एके दिवशी बाईंच्या हातातल्या मालाच्या बिलट्यांवर त्या वादात कुणाचा तरी चहा सांडला. बाईंचा संयम सुटला. त्यांनी बांधणीचा खाकी कागद भिंतीला चिकटवला आणि म्हणाल्या, "तुमचं सगळं बरोबर आहे. मला फक्त सांगा, सोमवारी सकाळी सात वाजता कोण काय करणार?" मग एक म्हणाला, "सोमवारी? सोमवारी मी जागेच्या मालकाला भेटू शकतो." झालं, गोदाम ठरलं. भागीदारांनी ही गोष्ट मित्राला सांगितली, मित्राने मेव्हण्याला, आणि 'त्या सोमवारवाल्या बाई' हळूहळू सोमवारबाई झाल्या. आता त्यांना बावन्नावं चालू होतं, गुडघा कुरकुरत होता, आणि खाकी कागदाचा रूळ कायम दाराआड उभा असायचा.

कुलपांच्या कारखान्यातून फोन आला तो एका मंगळवारी.

"तुम्हीच त्या ठरवून देणाऱ्या ना?" पलीकडून बाईमाणसाचा आवाज. दमलेला, पण हुकूम सोडायची सवय असलेला.

"मी ठरवून देत नाही. तुम्ही ठरवता. मी तुम्हाला उठू देत नाही, एवढंच."

"चालेल. आम्ही तिघं भावंडं आहोत. वाद अजिबात नाही बरं का. आमच्यात कधीच वाद होत नाहीत."

बाईंच्या कपाळावर बारीक आठी पडली. वाद घालणाऱ्यांचं त्यांना काही वाटायचं नाही. वादच होत नाही म्हणणाऱ्यांची त्यांना जरा धास्तीच असायची.

"मग अडलंय कुठे?"

"तेच कळत नाहीये," पलीकडचा आवाज म्हणाला. "अठरा महिने झाले. सगळ्यांना मान्य आहे आणि काही होत नाहीये. यंत्रवाल्यांना शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. नाहीतर आमचा नंबर जातो."

गुरुवारी सकाळी बाई कागदाचा रूळ काखेत मारून कारखान्यात पोचल्या. साठेक माणसांचा कारखाना. आत शिरताच पितळेचा वास आणि कानस घासल्याचा आवाज. मीटिंगच्या खोलीत लांब टेबल. पंख्याच्या वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून तिला एक जाड अहवाल लावून ठेवला होता. दुसरा तसलाच अहवाल कपाटावर, त्याच्यावर कुंडी.

"हे आधीचे सल्लागार," थोरली बहीण म्हणाली. तिला सगळे ताई म्हणायचे. पासष्टीची, ताठ कण्याची, कचेरी सांभाळणारी. मधला भाऊ उत्पादन बघायचा. त्याला भाऊ म्हणत. तो इतकं कमी बोलायचा की त्याची खुर्ची हलली की लोक त्यालाच उत्तर समजत. आणि धाकटा बाळ. बाळ त्रेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावर एक केस नव्हता आणि मिशी मात्र झुबकेदार होती. दुकानादुकानांत फिरून माल खपवणं त्याच्याकडे.

प्रश्न असा होता. हा कारखाना हाताने बसवलेली कुलपं करायचा. आतल्या पट्ट्या कानशीने घासून घासून किल्लीशी जुळवायच्या, हे काम दोन नंबरच्या शेडमध्ये बावीस बायका करायच्या. आता बाजारात बोट लावलं की उघडणारी कुलपं आली होती. तशी कुलपं करणारी यंत्रं मागवायची, ती दोन नंबरच्या शेडमध्ये बसवायची आणि जुनं काम बंद करायचं, असा बेत.

"काळाबरोबर जायला हवं," ताई म्हणाली आणि बाळकडे बघून हसली. "तरुण माणसांच्या उमेदीचा विचार करायला हवा."

"ताईने यासाठी इतकी धावपळ केलीय," बाळ म्हणाला. "मी पूर्णपणे ताईच्या मागे आहे."

"आणि तुम्ही?" बाईंनी भाऊंना विचारलं.

भाऊंची खुर्ची हलली. "दोघं म्हणतायत तर माझी ना नाही."

बाईंनी भिंतीला कागद चिकटवला आणि तिघांना तीन पेनं दिली. ताईला लाल, भाऊंना निळं, बाळला हिरवं. म्हणजे कुणी काय लिहिलं ते कळतं. त्यांनी नेहमीचा सोमवारचा प्रश्न विचारला आणि काय आश्चर्य, पेनं नुसती पळायला लागली. यंत्रवाल्यांना होकार कळवणे. वीजजोडणी वाढवणे. शेड रिकामी करणे. जाहिरात. एकानंतर एक अकरा कामं, आणि प्रत्येकापुढे नाव. तीन वाजायच्या आत कागद भरला. वीस वर्षांत इतकं झरझर काम बाईंनी पाहिलं नव्हतं. त्या इतक्या खूश झाल्या की डोळे घड्याळावर ठेवून बसल्या आणि कागदाकडे बघायचं राहून गेलं.

"झालं की," ताई म्हणाली. "आधीच बोलवायला हवं होतं तुम्हाला."

"उद्या दुपारी फक्त एकदा नजर टाकू आणि होकार कळवू," बाई म्हणाल्या.

जाताना त्या मुद्दाम दोन नंबरच्या शेडवरून गेल्या. लांब टेबलं, टेबलांना शिकंजे, आणि शिकंज्यांत अडकवलेली उघडी कुलपं. पहिल्या टेबलाशी चष्मा नाकावर ओढून एक बाई किल्ली फिरवून बघत होत्या. या शेडच्या प्रमुख. सगळ्या त्यांना मावशी म्हणायच्या.

"तुम्हीच का त्या ठरवणाऱ्या?" मावशींनी मान वर न करता विचारलं.

"मी नाही ठरवत. मालक ठरवतात."

"मालक ठरवतात?" मावशी हसल्या. "ते बघायलाच तर मी चाळीस वर्षं थांबलेय." त्यांनी किल्ली काढली, पट्टीवर कानशीचे दोन हात मारले, परत फिरवली. खट्. "एक सांगाल? यंत्रं येणार म्हणतात. आम्ही बावीस जणी आहोत. यातल्या आठ जणींच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. काय असेल ते असू दे, आम्ही रडत बसणाऱ्या नाही. पण कळू दे. अठरा महिने आम्ही रोज डबा भरताना विचार करतो, हा इथे खाल्लेला शेवटचा डबा की काय."

"उद्या संध्याकाळपर्यंत कळेल," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

शब्द दिला खरा. पण बसमध्ये बसल्यावर बाईंना काही तरी टोचायला लागलं. काय, ते सापडेना.

ते सापडलं जेवणाच्या टेबलावर, आणि सापडलं लेकीला. बाईंनी दुसऱ्या दिवशीच्या तयारीसाठी भिंतीवरून काढून आणलेला कागद टेबलावर पसरला होता. एका टोकावर वरणाचं पातेलं, दुसऱ्या टोकावर नवऱ्याच्या तपासायच्या वह्या. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर होता.

"लाल कुणाचं?" लेकीने विचारलं.

"ताईचं."

"मग लालमध्ये सगळीकडे 'बाळ' का लिहिलंय?"

बाईंनी चमचा खाली ठेवला.

"आणि हिरवं बाळचं ना? हिरव्यात बघ. ताई, ताई, भाऊ, ताई. निळ्यात बाळ आणि ताई. आई, यातल्या एकानेही स्वतःचं नाव लिहिलेलं नाहीये."

मास्तरांनी चष्मा पुसून वाकून पाहिलं. "हे तर माझ्या चौथीच्या वर्गासारखं झालं. फळा कोण पुसणार विचारलं की पस्तीस हात वर, आणि पस्तीसही बोटं शेजाऱ्याकडे."

"आणि ही ओळ बघ," लेक म्हणाली. ती ओळ होती, 'शेडमधल्या बायकांना सांगणे.' तिच्यापुढे हिरव्याने 'भाऊ' लिहिलं होतं. ते निळ्याने खोडून 'ताई' केलं होतं. ते लाल शाईने खोडून 'सगळे मिळून' केलं होतं.

ट्रकच्या कचेरीतलं पहिल्या आठवड्याचं शिक्षण, आणि तेच विसरल्या. घड्याळ बघत बसल्या.

"वेडी मी," त्या शेवटी म्हणाल्या. "यांना कुणालाच हे करायचं नाहीये."

"मग ते हो का म्हणतायत?" लेकीने विचारलं.

"तेच उद्या विचारायचंय. पाच वाजायच्या आत."

"आणि ते म्हणाले की बाई, काल ठरलंय, आता पुरे?"

"म्हणतील," बाई म्हणाल्या. "वरण वाढ."

ते म्हणालेच. शुक्रवारी दुपारी दोनला बाईंनी कालचा कागद भिंतीवर न लावता गुंडाळलेलाच बाजूला ठेवला, तेव्हा ताईचा आवाज कारखान्याच्या भोंग्याला लाजवील असा झाला.

"अहो, काल ठरलं ना? दोन दिवसांसाठी बोलावलं म्हणून दोन दिवस भरून काढताय का?"

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "काल मी घाई केली. तीन तास द्या. त्यानंतरही तुमचा होकारच असेल तर फोन लावायला मीच नंबर फिरवून देईन."

ताईने घड्याळ पाहिलं, बाळने ताईकडे पाहिलं, भाऊंनी खिडकीतल्या अहवालाकडे पाहिलं.

"उठा," बाई म्हणाल्या. "खुर्च्या बदला. ताई, तुम्ही बाळच्या खुर्चीत. बाळ, तुम्ही भाऊंच्या. भाऊ, तुम्ही ताईंच्या. आता ज्याच्या खुर्चीत बसलाय तो माणूस तुम्ही आहात. त्याला काय हवंय ते त्याच्या तोंडाने सांगायचं. खऱ्या माणसाने मध्ये बोलायचं नाही."

"हा काय पोरखेळ," ताई म्हणाली. पण बसली. बाळच्या खुर्चीत बसताच तिने आपोआप एक पाय हलवायला सुरुवात केली, कारण बाळ तसा बसायचा. भाऊंना पहिल्यांदाच हसू आलं.

"मी बाळ," ताईने घसा खाकरला. "मला ही बोट लावायची कुलपं करायचीयत. मी ती प्रदर्शनात बघितली तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. मी हुशार आहे, मला या जुन्या कारखान्यात घुसमटायला होतं. ही कुलपं केली नाहीत तर मी एक दिवस सोडून जाईन."

"मी असं कधी म्हटलं?" बाळ भाऊंच्या खुर्चीतून अर्धा उठला.

"मध्ये बोलायचं नाही," भाऊ म्हणाले. ताईच्या खुर्चीत बसल्यावर त्यांना आवाजही फुटला होता.

"नाही, पण कधी म्हटलं?"

"प्रदर्शनाहून आलास तेव्हा," ताई म्हणाली. "घरी आल्या आल्या मोबाइलवर फोटो दाखवलास. किती रंगून बोलत होतास."

बाळने डोळे मिटले. "ताई, ते कुलूप तिथे अडकलं होतं. मी बोट लावून लावून दमलो. त्यांची तीन माणसं आली, त्यांनी बोटं लावली. एकाने बोट पुसून लावलं. शेवटी स्क्रूड्रायव्हर आणून दार काढलं. मी गंमत सांगत होतो. तुला मध्येच फोन आला आणि तू उठून गेलीस. शेवट ऐकलाच नाहीस."

ताईचा हलणारा पाय थांबला.

"मग दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, यंत्रांची चौकशी करते," बाळ पुढे म्हणाला. "मला वाटलं, ताईलाच हौस आहे. आता हिचा हिरमोड कशाला करा."

"पुढे," बाई शांतपणे म्हणाल्या. "भाऊ. तुम्ही ताई."

भाऊंनी पाठ ताठ केली, चष्मा कपाळावर चढवला, हात टेबलावर ठेवले. हुबेहूब. "मी ताई. लोक आपल्याला जुनाट म्हणतात. मी निवृत्त व्हायच्या आधी हा कारखाना नवाकोरा करून दाखवणार. मला कोण अडवतंय बघतेच."

"मी?" ताई म्हणाली. "भाऊ, मला ती यंत्रं स्वप्नात येतात. स्वप्नात ती बंद पडलेली असतात आणि मी त्यांना बोट लावत असते."

बाळ खो खो हसायला लागला. ताईलाही हसू आवरेना. तिने पदराने डोळे टिपले.

"आता तुम्ही, बाळ," बाई म्हणाल्या. "तुम्ही भाऊ आहात."

बाळ एकदम गंभीर झाला. हाताची घडी घातली. खिडकीकडे पाहिलं. खुर्ची थोडी हलवली. "हं," तो म्हणाला. खूप वेळाने, "बघा तुम्ही."

या वेळी भाऊसुद्धा हसले. मात्र बाळ थांबला नाही. "मी भाऊ. मला या नव्यातलं काही कळत नाही. माझा जमाना गेला. हे दोघं ठरवतील तसं."

भाऊंचं हसू विझलं. बाईंना कळलं की आता गप्प बसायचं. खाकी कागद, पेनं, प्रश्न, सगळं बाजूला. फक्त गप्प बसायचं.

"कळत नाही असं नाही," भाऊ म्हणाले. "मी तीन महिने त्या कुलपांचा अभ्यास केलाय. सगळं कळतं. मला नको आहे."

त्या घरात हे तीन शब्द कुणी शेवटचे कधी उच्चारले होते, कोण जाणे. ताई आणि बाळ त्यांच्याकडे असे बघत राहिले, जसं काही भिंतीतून पाणी आलंय.

"मग बोलला का नाहीस?" ताईने विचारलं.

"तुमच्या दोघांच्या वाटेत कशाला यायचं."

"आमची वाटच नव्हती ती."

"मग तुला काय हवंय?" बाळने विचारलं. अगदी हळू.

आणि मग भाऊ बोलले. अठरा महिन्यांचं साठलेलं होतं, ते सगळं एकदम नाही, पण क्रमाने, हिशोबीपणे, एक एक पट्टी बसवावी तसं बोलले. गोदामांच्या शटरला लागतं ते सात पट्ट्यांचं जड कुलूप. त्याला मागणी इतकी आहे की लोक चार चार महिने थांबतात. कंटाळून निघून जातात. यंत्राला ते काम जमत नाही, हात लागतो. त्यांना दोन नंबरच्या शेडमध्ये बावीसच्या बत्तीस जणी हव्या होत्या.

"अरे, गेल्या महिन्यात मीच तीन गोदामवाल्यांना नकार कळवला," ताई म्हणाली. "म्हटलं, आता तर शेडच बंद होणार."

"आणि मी दुकानांत तेच ऐकतो," बाळ म्हणाला. "सगळे मला विचारतात, जड कुलूप कधी देणार. मी म्हणतो, आता नवीन येतंय बघा. माझं मलाच पटत नाही. त्या बोटवाल्या कुलपाबद्दल दुकानदाराने एक प्रश्न जादा विचारला की मी पाणी मागतो."

बाईंनी नवा कागद चिकटवला. रकाने तेच तीन. या वेळी एकच अट घातली: दुसऱ्याचं नाव लिहायला बंदी. पेनं कालच्यासारखी पळाली नाहीत. अडखळली, थांबली. ताईचं लाल पेन एका ओळीवर 'बा' इथपर्यंत गेलं आणि तिने जीभ चावली. कामं अकराच्या जागी पाच निघाली. नकार कळवलेल्या तीन गोदामवाल्यांना पुन्हा फोन, ताई. नव्या दहा जणींसाठी टेबलं, शिकंजे, भाऊ. बायकांना सांगणं, यावर तिघांनी एकाच वेळी पेन टेकवलं. तीन रंगांत तीन नावं, स्वतःची स्वतः लिहिलेली.

एक ओळ उरली. 'यंत्रवाल्यांना नकार कळवणे.'

साडेचार झाले होते. तिघं त्या ओळीकडे बघत होते.

"नकार ताईने कळवला तर जरा वजन पडतं," बाळ म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"नाही, मी आपलं बोललो," बाळ म्हणाला आणि हिरव्या शाईत 'बाळ' लिहिलं. मिशीवरून हात फिरवला. फोन उचलला. खाली ठेवला. पाणी प्यायला. परत उचलला.

"नमस्कार, मी कुलूपवाला बोलतोय. हो, हो, तोच. कसे आहात? घरचे सगळे? मुलीची परीक्षा झाली का? वा, वा. नाही, पाऊस नाही इकडे. हो ना. तुमच्या साहेबांची तब्येत आता?"

ताईने कपाळावर हात मारला. भाऊंनी घड्याळावर बोट ठेवून दाखवलं. पावणेपाच.

"हं, ते यंत्रांचं," बाळ म्हणाला. "ते म्हणजे असं आहे. आम्ही सगळ्या बाजूंनी विचार केला. म्हणजे तसं यंत्र उत्तमच आहे. पण एकंदरीत बघता..." तो थांबला. मग एकदम, दार ढकलल्यासारखं, "आम्हाला नको आहे. आमचं वेगळं ठरलंय. नाही, पुढच्या वर्षी पण नाही."

पलीकडचं बोलणं त्याने ऐकलं. 'हो', 'बरं' म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"म्हणाले, वेळेत सांगितलंत ते बरं झालं. यादीत पुढे दोघं थांबलेत."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

भाऊ खुर्चीत मागे रेलले. "आपण अठरा महिने..."

"तू तोंड उघडू नकोस," ताई म्हणाली. "मीही उघडत नाही. चला."

दोन नंबरच्या शेडमध्ये सुट्टीची आवराआवर चालली होती. तिघं मालक एकदम आत शिरलेले बघून कानशी थांबल्या. कुणी तरी हातातली पिशवी परत टेबलावर ठेवली. बाई दाराशीच उभ्या राहिल्या.

ताईने तोंड उघडलं, पण बोलले भाऊ. "यंत्रं येत नाहीत. शेड बंद होत नाही. जड कुलपं वाढवायचीयत. तुम्ही सगळ्या आहात, आणि आणखी दहा जणी घेतोय."

मागच्या टेबलाशी कुणी तरी एकदम हसलं, कुणी तरी नाक ओढलं. मावशी आपल्या स्टुलावर बसूनच होत्या. त्यांनी चष्मा काढला, साडीच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"दहा?" त्या म्हणाल्या.

"दहा," भाऊ म्हणाले.

"शिकवायचं कुणी?"

"तुम्ही. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

"एकदम दहा जमणार नाही. पाच पाच आणा. पहिल्या पाच तयार व्हायला मला चार महिने लागतील. आणि टेबलं ही असली नकोत, ही बुटकी आहेत, माना मोडतात. उंची मी मापून देईन."

"देऊ," भाऊ म्हणाले.

"मावशी," बाळ उत्साहात पुढे झाला, "आपण असं करू. दर सोमवारी या शेडमध्ये तासभर एक मीटिंग ठेवू, आढावा घ्यायला..."

"नाही," मावशी म्हणाल्या.

"अर्धा तास?"

"नाही म्हटलं ना. काय बघायचंय ते बघायला या, उभ्याने बघा आणि जा." त्यांनी समोरच्या कुलपात किल्ली घातली आणि सुट्टी झालेली असूनही पट्टीवर कानस टेकवली.

तिघं भावंडं त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"किती सहज 'नाही' म्हणतात बघ," ताई भाऊंच्या कानाशी पुटपुटली. "जरा विचारून बघ, आपल्यालाही शिकवतील का."